दोघांच्या सहीचा चंद्र

११ फेब्रुवारी

आज एक चंद्र नक्की झाला आणि त्याच्यासोबत एक डोकेदुखीही. डायरीची सवय मोडून बरीच वर्षं झाली, पण हे कुणाला तरी सांगायला हवं. ऑफिसातल्यांना सांगायची सोय नाही. लेकीला सांगितलं की ते तासाभरात तिच्या बापाच्या कानावर जातं.

हकीकत अशी. डोंगरावरच्या दुर्बिणीवर जे गृहस्थ असतात त्यांनी गेल्या महिन्यात त्या मोठ्या ग्रहाच्या आसपासचे फोटो काढले. त्यात एक अंधुक ठिपका ग्रहाबरोबर सरकत होता. मागचे तारे जागचे हलत नाहीत, त्यामुळे ग्रहाच्या पावलावर पाऊल टाकून चालणारं जे काही असेल ते त्याच्या घरचंच माणूस. गृहस्थांनी ठिपक्याच्या जागा माझ्याकडे पाठवल्या, कारण कक्षा काढायचं काम माझं. मी हिशेब उलटा चालवला, दोन वर्षांपूर्वी हा कुठे असेल ते काढलं, दुसऱ्या एका वेधशाळेचे तेव्हाचे फोटो मागवले आणि चाळणीने चाळावेत तसे चाळले. सापडला. दोन टोकं हातात आली, गाठ मारली, कक्षा तयार. जुना ठिपका सांगितल्या जागेपासून नखभर बाजूला होता, पण जुने फोटो धुरकटच असतात.

संचालकांनी कॉरिडॉरमधल्या फळ्यावर तात्पुरता क्रमांक लिहिला आणि खाली शोधकर्ते म्हणून दोन नावं. लग्नपत्रिकेनंतर आमची नावं पहिल्यांदाच अशी शेजारी शेजारी आली. कारण ते गृहस्थ म्हणजे माझे माजी नवरे. वेगळे होऊन नऊ वर्षं झाली. भांडण काही मोठं नव्हतं. दोघांच्या घरात प्रत्येक गोष्ट मतांवर ठरवायची म्हटलं की दर वेळी बरोबरीच होते, आणि बरोबरीत माणूस दमतो.

१५ फेब्रुवारी

संचालकांनी आज नियम समजावून सांगितले, जसे काही मला माहीतच नव्हते. ग्रह उन्हाळ्यात सूर्याच्या मागे जाईल. तो पलीकडून बाहेर आला की चंद्र पुन्हा दिसला पाहिजे, मी सांगितलेल्या जागी. दिसला तर कायमचा क्रमांक मिळेल, आणि मग नाव. नाव सुचवायचा हक्क शोधकर्त्यांचा, पण सगळ्यांच्या सह्या एकाच कागदावर हव्यात. एकमत नसेल तर समिती तिच्या मनाने काहीतरी चिकटवून देते.

"तुम्हा दोघांचं एकमत होईल ना, बाई?" संचालक म्हणाले. नऊ वर्षांपूर्वी न्यायाधीशांनीही जवळजवळ हेच विचारलं होतं.

आमच्याकडे आणखी एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही. क्रमांक मिळायच्या आधी चंद्राचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं की चंद्र हरवतो. काढणाऱ्याने सगळ्या ऑफिसला चहा द्यायचा. आम्ही शास्त्राची माणसं, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, फक्त उगाच धोका पत्करत नाही.

२ मार्च

गृहस्थांचं दोन ओळींचं पत्र. "तो जुन्या फोटोतला नखभर फरक पुन्हा बघशील का? मला जरा खटकतोय."

नाकाला मिरच्या झोंबल्या. इतक्या वर्षांत माझ्या हिशेबातला एक दगड हरवलेला नाही. दुसरी माणसं चंद्र जाहीर करतात आणि पुढच्या वर्षी आकाशात चाचपडत बसतात, माझ्याकडून तसं होत नाही. उलट टपाली कळवलं की आधी तुमच्या दुर्बिणीचं घड्याळ तपासा.

५ मार्च

त्यांनी घड्याळ तपासलं. बरोबर निघालं. तसं कळवलं, वर "आठवण केल्याबद्दल आभार" असंही लिहिलंय. भांडायला घेतलं की हा माणूस आभार मानतो. संसारातही हेच.

२३ मार्च

रविवार. लेक आली होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझा आखडलेला खांदा हा तिचा सगळ्यात हट्टी पेशंट. खांदा चोळता चोळता म्हणाली, "बाबांनी नावाचा विचार केलाय."

या ग्रहाच्या चंद्रांना एका जुन्या दंतकथेतल्या राक्षसांची नावं द्यायची पद्धत आहे. मी माझं नाव केव्हाच ठरवलंय: ओर्दा. ही राक्षसीण एका सकाळी बापाच्या गुहेतून उठली, चालत निघाली आणि समुद्रापलीकडे तिने स्वतःचा डोंगर उभा केला. बाई असावी तर अशी.

"बाबांना तुमील हवाय," लेक म्हणाली.

तुमील म्हणजे त्याच गोष्टीतला दारावरचा राक्षस. दिवा घेऊन उंबऱ्यात बसून राहतो. संपलं त्याचं काम.

"बसून राहणं हे काय कर्तृत्व झालं?" मी म्हटलं. "त्यांना साजेसंच आहे म्हणा."

"आई, तो कुणासाठी बसलाय ते वाचलंस?"

"कुणासाठी का बसेना."

लेकीने खांद्यावर गरजेपेक्षा जास्त जोर दिला असं मला वाटलं. जाताना म्हणाली, "चंद्र अजून परत दिसायचाय आणि तुम्ही नावावरून भांडताय. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी." मी म्हटलं, भटीण आता भटाबरोबर राहत नाही.

२४ मार्च

ऑफिसात टायपिस्टबाईंना तुमीलचा किस्सा सांगताना तोंडातून ओर्दा निघून गेलं. सगळ्यांना चहा द्यावा लागला. संचालकांनी दोन कप घेतले.

३० मे

ग्रह आता संध्याकाळच्या उजेडात बुडाला. तीन महिने काही दिसायचं नाही. मी पुढच्या जागांचा तक्ता करून डोंगरावर पाठवला. प्रत्येक दिवसासाठी एक जागा, सुईच्या टोकाएवढी. स्वतःचंच काम बघून बरं वाटावं असं वर्षातून एकदाच होतं.

मधल्या काळात लेकीमार्फत तीन वेळा ओर्दा वर गेली आणि तीन वेळा तुमील खाली आला. तिने आता निरोपामागे जेवण लावलंय.

६ सप्टेंबर

ग्रह पहाटेच्या आकाशात वर आला. सकाळी गृहस्थांचा निरोप: चंद्र जागेवर नाही.

मी कळवलं, नीट बघा.

९ सप्टेंबर

नीट बघितलं. नाही.

१७ सप्टेंबर

आज संचालकांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आपण जाहीर केलंय." त्यांचा आवाज मऊ होता, ते जास्त लागलं. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते.

हिशेब तीनदा तपासला. गणितात चूक नाही. गणितात चूक नसताना चंद्र नाही, हे कसं, मला कळत नाही. घरी येऊन भाजी चिरायला घेतली आणि चिरायचं सोडून तशीच बसले. दिवाळखोर दुकानदारासारखं वाटतंय, सगळा माल फळीवर मांडलेला आणि गल्ल्यात हात घातला तर काही नाही. ग्रह आता महिनोन्महिने दिसत राहील, पण हा कुठल्या कुठे गेलेला असेल. हरवलेला चंद्र मग कुणाला योगायोगाने दिसला तरच, आणि तेव्हा तो त्याचा.

चहाची अंधश्रद्धा खरी निघाली की काय, असंही एकदा मनात आलं. दुसरीकडे कुठे नोंद नको म्हणून इथेच लिहिते.

४ ऑक्टोबर

संचालकांनी मला डोंगरावर पाठवलं. "पत्रांनी काही होत नाही, समोरासमोर बसा." बस दुपारी पोचली. नऊ वर्षांत मी इथे आलेले नाही. दुर्बिणीच्या घुमटाला नवा रंग दिलाय, चांगला नाही.

गृहस्थांचं क्वार्टर तसंच आहे, एक खोली आणि स्वयंपाकघर. केस पांढरे झालेत. "ये," म्हणाले आणि बाजूला झाले. चहा मीच करते म्हटलं, कारण त्यांचा चहा मला माहीत आहे. फळीवरच्या डब्यांना अजून माझ्या अक्षरातल्या पट्ट्या आहेत. 'साखर' लिहिलेल्या डब्यात मीठ निघालं आणि 'डाळ'मध्ये स्क्रू. पट्टी काढून दुसरी लावायला कितीसा वेळ लागतो, पण आळसापुढे कुणाचं चालतं. चहा दुसऱ्यांदा करावा लागला.

मग टेबलावर फोटो पसरले. मी सांगितलेल्या जागी खरंच काही नव्हतं. मी हट्टाने भिंग घेऊन बघितलं, तरी नव्हतं.

"एकदा एक करशील?" ते म्हणाले. "तुझे जुने ठिपके बाजूला ठेव. फक्त या जानेवारीतल्या जागांवरून कक्षा काढ."

"त्याने कक्षा ढिली होते. सुईच्या टोकाऐवजी अख्खं मैदान मिळेल."

"मैदान शोधायची माझी तयारी आहे."

काढली. मैदानच मिळालं. पण त्यांनी सप्टेंबरमध्ये मी सांगितलेल्या जागेच्या कितीतरी बाहेरपर्यंत फोटो काढून ठेवले होते, मला न सांगता. आम्ही ते एकावर एक ठेवत गेलो, ग्रहाच्या चालीने सरकवत. मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात तो होता. सहा आणि नऊ सप्टेंबर, दोन्ही दिवशी होता, आणि जशी पावलं टाकायला हवीत तशीच टाकत होता. इतके दिवस आम्ही शेजारच्या घराची कडी वाजवत होतो.

मी आनंदाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. मग हात तसाच राहिला, कारण पुढचं लक्षात आलं. हा जर तो, तर दोन वर्षांपूर्वीच्या फोटोतला माझा ठिपका कोण?

"दुसरा," ते म्हणाले. "मला वाटतं, तो दुसराच आहे."

दोन वेगवेगळ्या चंद्रांना मी एका दोरीत बांधलं होतं. पहिल्या टोकाला त्यांचा, दुसऱ्या टोकाला माझा, आणि मधल्या नखभर फरकाला मी धुरकटपणा म्हणाले. तो फरक नव्हता, अख्खा चंद्र होता.

"तुला कधी कळलं?"

"मार्चमध्ये शंका आली."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. तू घड्याळ तपासायला सांगितलंस."

हसायची पाळी त्याची होती. तो मात्र हसत नव्हता. शेवटच्या बसने खाली आले.

७ ऑक्टोबर

आता प्रश्न असा. जो चंद्र सापडला तो त्याचा. त्यात माझा एकही ठिपका नाही. माझा ठिपका ज्याचा आहे तो चंद्र बेवारस: दोन दिवसांतल्या तीन जागा, तेवढ्यावरून कक्षा निघत नाही.

संचालकांना सांगितलं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. "कक्षा सुधारली एवढंच कळवू या," म्हणाले. "हिशेब तुमचाच आहे. नाव राहू द्या. कुणी विचारणार नाही. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

मोह झाला. खोटं कशाला लिहू, चांगला दोन दिवस झाला. फळ्यासमोरून येता जाता नाव बघायची सवय लागली होती. आणि शिवाय चूक जाहीर करायची म्हणजे 'हिचा एक दगड हरवत नाही' ही माझी ख्याती मीच पुसायची. ती ख्याती पसरवायला मी बरीच मेहनत घेतली होती.

९ ऑक्टोबर

दुरुस्ती पाठवली. जोड चुकीची, चूक माझी, सापडलेल्या चंद्राचा शोधकर्ता एकच. तीन ओळी लिहायला सकाळ गेली. फळ्यावरचं नाव पुसायला संचालक कचरत होते, म्हणून ओला कपडा मीच घेतला.

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा विचारतायत, तुझ्या चंद्राचं मैदान केवढं आहे?"

मी म्हटलं, मैदान कसलं, जिल्हा आहे. तो म्हणाला (लेकीमार्फत), "ग्रहाला सोडून तो जाणार कुठे. चारी बाजू घेतो."

१८ ऑक्टोबर

तो रोज पहाटे ग्रहाच्या चारी बाजूंचे फोटो घेतो आणि सकाळी मला पाठवतो. मी ते एकावर एक ठेवते, सरकवते, डोळे फोडते. संचालकांनी त्याला झापलं म्हणे, की दुर्बिणीचा वेळ स्वतःच्या चंद्रावर घालवायचा सोडून हे काय चाललंय. त्याने सांगितलं, दुसरा सापडल्याशिवाय पहिला पक्का होत नाही.

असा काही नियम माझ्या वाचनात नाही. पण तो निरीक्षणातला माणूस आहे, असेल काहीतरी तांत्रिक कारण. काहीही असो, माझा फायदा होतोय.

२ नोव्हेंबर

आठवडाभर ढग. लेक म्हणते बाबांना खोकला झालाय, घुमटात हीटर चालत नाही. मी तिच्याबरोबर माझं जाड जॅकेट पाठवलं. जुनं आहे, कपाटात जागा अडवत होतं.

११ नोव्हेंबर

सापडला.

शांतपणे लिहिते. त्याचे तीन सकाळींचे फोटो, ग्रहाच्या उजव्या अंगाला, खूप खाली, जिथे बघावं असं मला सुचलंही नसतं. ठिपका इतका अंधुक की आधी पडद्यावर डाग आहे म्हणून बोटाने पुसला. मग ठिपक्याच्या नव्या तीन जागा घेऊन मागे गेले, पावलापावलाने, दर टप्प्याला कुठे केवढी शंका आहे ते लिहून. दोन वर्षांपूर्वीच्या त्या फोटोंवर पोचले तेव्हा या वेळी नखभरही फरक नव्हता. तरी मी तो फरक नसल्याचं पुन्हा पुन्हा तपासलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

डोंगरावर फोन केला. इतके महिने पत्रं नाहीतर लेकीकडून निरोप, आज थेट. "तुझी जोड मला तपासायला दे," मी म्हटलं, म्हणजे उलट म्हणायचं होतं. त्याला कळलं. संध्याकाळी कळवलं: जोड पक्की आहे, अभिनंदन, आणि जॅकेटच्या बाह्या तोकड्या आहेत.

२८ डिसेंबर

सुट्टी. लेक दंतकथांचं पुस्तक उशीजवळ ठेवून गेली होती, तेवढंच वाचायला हाताशी होतं. तुमीलचा भाग पूर्ण वाचला. ओर्दा घर सोडून गेल्यावर तो दिवा घेऊन दारात बसतो. ती परत येणार नाही हे त्याला ठाऊक असतं, तसं तो स्वतःच म्हणतो. ती कधी त्या वाटेने चालली असेल तर तिला पाय ठेवायला जागा दिसावी, एवढंच त्याचं म्हणणं.

पुस्तक मिटून ठेवलं. लेकीला काही बोलायचं नाही.

१९ मार्च

दोन्ही चंद्रांना कायमचे क्रमांक मिळाले. संचालकांनी फळ्यावर लिहिले, एकाखाली एक. वरच्यापुढे त्याचं नाव, खालच्यापुढे माझं. मी म्हटलं, फोटो त्याचे होते, त्याचंही नाव हवं. त्याने वर कळवून टाकलंय म्हणे, 'मी फक्त बटण दाबलं, ठिपका पहिल्यांदा तिने पाहिला.' समितीने ते मान्य केलं.

म्हणजे आता एकमताचा प्रश्नच उरला नाही. माझ्या चंद्राला मी हवं ते नाव देणार, एका सहीवर. वर्षभर मला हेच हवं होतं.

दुपारी कागद भरला. नाव, ओर्दा. कारण, चार ओळी, चांगल्या जमल्या. सही केली. मग पाठवायचं सोडून मी त्या कागदाकडे बघत बसले, आणि मला कसंनुसं वाटायला लागलं. आनंद व्हायला हवा होता. टायपिस्टबाई दोनदा विचारून गेल्या, पाठवू का. मी म्हटलं, थांबा जरा. त्या म्हणाल्या, आता कुणाची वाट बघताय.

घरी आले, चप्पल काढायच्या आधी फोन लावला.

"ओर्दा पाठवतेय," मी म्हटलं. "चालेल ना?"

तो गडबडला. "मला कशाला विचारतेस? तुझा चंद्र आहे. माझी सही लागत नाही आता."

"लागत नाही म्हणूनच विचारतेय."

पलीकडे शांतता. संसारात या शांततेचा मला फार राग यायचा, मला वाटायचं तिच्यात काहीच नाही. आज मी ती नीट ऐकली. तो श्वास घेत होता, मग एकदा खोकला, मग काहीतरी बोलणार होता ते राहिलं.

"थांब हं," तो म्हणाला, आवाज जरा बसलेला. "दूध उतू जाईल. गॅस बंद करून येतो. फोन ठेवू नकोस."

मी ठेवला नाही.